दर हिवाळ्यात सापाची कात तुकड्यांत निघते? पाणी फवारण्याआधी हे तपासा

लक्षण असं. उन्हाळाभर कात अखंड निघते, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पायमोजा उलटा काढावा तशी. नोव्हेंबर लागला की ती फाटू लागते. डिसेंबरात तुकडे पडतात, जानेवारीत कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे अंगाला चिकटून राहतात आणि एखाद्या डोळ्यावर जुन्या कातेची पारदर्शक चकती, म्हणजे ‘काच’, तशीच असते. तुम्ही पाणी फवारता, आर्द्रतेचा काटा वर जातो, बरं वाटतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

आमच्या ठकूच्या बाबतीत हे सलग दोन हिवाळे झालं. ठकू म्हणजे माझी बॉल पायथन, आफ्रिकेतली अजगराची एक लहान जात. मादी, सहा वर्षांची, दीड किलोची. आम्ही अमेरिकेत मिनिआपोलिसला राहतो. जानेवारीत पारा उणे २० वर उतरला तरी इथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तिसऱ्या हिवाळ्यापासून ठकूची कात पुन्हा अखंड निघू लागली आणि त्यानंतर एकदाही फाटलेली नाही. मधल्या काळात काय चुकत होतं आणि ते कोणत्या क्रमाने सापडलं, ते सगळं इथे लिहून ठेवते. थंड देशात साप पाळणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्याशी माझं बोलणं झालं, त्यातले बहुतेक याच दगडाला ठेचकाळले होते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. कात निघायच्या दिवशी ओलावा देऊन भागत नाही. आत नवी त्वचा तयार होऊ लागते तेव्हापासून हवा दमट असावी लागते आणि ती तशी राहावी लागते. आपण पाणी किती घालतो यापेक्षा ते किती वेगाने निसटतं, हा खरा हिशोब आहे. मी दोन वर्षं फक्त घालण्याचाच हिशोब ठेवला.

कात फाटते तेव्हा काय होतं

सापाच्या जुन्या त्वचेखाली नव्या त्वचेचा पूर्ण थर आधी तयार होतो. मग दोन्ही थरांच्या मध्ये पातळ द्रव झिरपतो आणि जुना थर सुटा होऊ लागतो. हाच द्रव डोळ्यावरच्या पारदर्शक खवल्याखालीही येतो, म्हणून डोळे दुधाळ निळे दिसतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक खवला कायमचा बसलेला असतो आणि दर कातेबरोबर तो बदलला जातो. ठकूचं पोट त्याच्याही आधी गुलाबी दिसायला लागतं, पाठीवरचे काळे-तपकिरी पट्टे मळकट होतात. डोळे निळे पडतात, काही दिवस तसेच राहतात आणि मग एके दिवशी अचानक स्वच्छ होतात. नवख्या माणसाला वाटतं की झालं, कात निघून गेली. ती निघालेली नसते. डोळे स्वच्छ झाल्यावर आणखी तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, साप नाक कशावर तरी घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि तिथून तो तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. ठकूला गुलाबी पोटापासून इथपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात.

या दोन आठवड्यांत भोवतालची हवा कोरडी असली तर सुटत चाललेला जुना थर वाळतो. वाळला की त्याचा लवचीकपणा जातो, ओढ बसल्यावर तो ताणला न जाता तुटतो. शेवटच्या दिवशी फवारणी करणं म्हणजे उन्हात कडकडीत वाळलेल्या पापडाला पाणी लावून पुन्हा लाटायला बसण्यासारखं आहे. वरून ओला दिसेल, पण लाटला जाणार नाही.

पहिली तपासणी: काटा खरं बोलतोय का

माझ्या काचेच्या टाकीला आतून एक गोल, घड्याळासारखा काटा चिकटवलेला होता. टाकी घेतली त्या दुकानात तोच दिला होता आणि हे पुरेसं आहे असंच सांगितलं होतं. काटा कायम ६० च्या आसपास. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, म्हणून मी निश्चिंत होते आणि दोष भलतीकडे शोधत होते. उंदराचा आकार, जीवनसत्त्वं, सापाचं वय. काट्यावर मात्र संशय घेतला नाही.

काटा पारखायची रीत अगदी सोपी आहे आणि ती मला दापोलीच्या स्वयंपाकघरातून आठवली. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरायला लागतं. हाच आकडा इथे उपयोगी पडतो. बंद जागेत ओलं मीठ ठेवलं तर आतली हवा ७५ टक्क्यांपाशी येऊन थांबते.

बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी झालं तर जास्त झालं, वरून आणखी मीठ घाला. ते झाकण आणि आर्द्रतामापक शेजारी-शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या, तोंड नीट बंद करा आणि रात्रभर खोलीतच राहू द्या. मीठ मापकाला लागता कामा नये. सकाळी पिशवी न उघडता आकडा वाचा. ७५ दाखवत असेल तर मापक चांगला. दोन-तीनचा फरक चालतो, तो मापकावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

माझा काटा सकाळी ८८ वर होता. म्हणजे दोन हिवाळे मी ज्याला ६० समजत होते, ते बहुधा पन्नाशीच्या आतलं होतं. त्या दिवशी पिशवी हातात घेऊन मी बराच वेळ टाकीसमोर बसले. ठकूच्या डोळ्यावर तेव्हा मागच्या वेळची काच राहिली होती.

नंतर मी तारेला टोकाशी संवेदक असलेले दोन डिजिटल मापक आणले. ते कुठे ठेवायचे हेही तितकंच महत्त्वाचं. काचेवर वर चिकटवलेला मापक दिव्याजवळची हवा मोजतो, साप तिथे राहत नाही. एक संवेदक थंड बाजूला जमिनीलगत ठेवा आणि दुसरा साप जिथे लपून बसतो त्या जागेच्या आत. चोवीस तासांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लक्षात ठेवणारा मापक मिळाला तर तोच घ्या, कारण आपण बघतो तेव्हाचा आकडा हा बहुतेक वेळा नुकत्याच मारलेल्या फवाऱ्याचा असतो.

तापमानाचा मुद्दा इथेच सांगते. २६ अंशांच्या थंड कोपऱ्यात आर्द्रता ६० टक्के असेल, तर तितकंच पाणी असलेली हवा ३२ अंशांच्या गरम कोपऱ्यात ४३ टक्क्यांच्या आसपास भरते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची धारण करायची ताकद जास्त असते. म्हणून ‘माझ्या टाकीत ६० आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठे ६० आहे आणि तिथे किती अंश आहेत, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरी तपासणी: ओलावा जातो कुठे

उणे २० अंशांची हवा, अगदी पूर्ण भरलेली असली तरी, घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम पाणी बाळगते. ती घरात येऊन २१ अंशांना तापली की तिच्यात अठरा ग्रॅम मावू शकतं. एक ग्रॅम भागिले अठरा, म्हणजे पाच-सहा टक्के. स्वयंपाक, अंघोळी, माणसांचे श्वास यांनी तो आकडा थोडा वर येतो. माझ्या खोलीत जानेवारीत १८ ते २२ असतो. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. त्याच हवेत ठकूची टाकी ठेवलेली असते.

आता टाकीकडे बघा. चारी बाजूंनी काच, वर जाळीचं झाकण, झाकणावर गरम दिवा. दिव्याखालची हवा तापते आणि जाळीतून वर निघून जाते, तिच्या जागी खोलीतली वीस टक्क्यांची कोरडी हवा आत येते. चूल पेटली की धुराडं जसं ओढतं तसं हे चोवीस तास चालू असतं. मी एक दिवस दर अर्ध्या तासाने आकडे टिपले. सकाळी सातला भरपूर फवारणी, काटा ७८. साडेआठला ५६. साडेनऊला ४१. दिवसातून तीनदा फवारलं तरी उरलेला बहुतेक वेळ ठकू चाळिशीतच होती, आणि मला दिसत होते ते फक्त फवारल्यानंतरचे आकडे.

उपाय म्हणजे भोक लहान करणं. झाकणाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मी ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकला आणि धातूच्या चिकटपट्टीने बसवला. दिव्याच्या भोवती सगळीकडून चार बोटं जाळी उघडी ठेवली. कृपा करून दिव्याजवळ टॉवेल, पुठ्ठा किंवा प्लास्टिक ठेवू नका. ओला टॉवेल झाकणावर टाकायचा सल्ला बरेच जण देतात, पण दिव्याच्या उष्णतेने तो तासाभरात वाळतो आणि मग तो आगीचं कारण ठरू शकतो. झाकण पूर्ण बंदही करू नका, हवा खेळायला हवीच. आणि झाकण झाकलं की आतलं तापमानही चढतं. गरम जागा ३१ ते ३३ अंशांत राहतेय का ते लगेच तपासा. दिवा थर्मोस्टॅटवर (ठरलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रावर) नसेल तर सगळ्यात आधी ते आणा, बाकीचं नंतर.

एवढ्या एका फॉइलने साडेनऊचा आकडा ४१ वरून ५८ झाला. फवारणी सकाळी एकदाच.

खोलीत ह्युमिडिफायर लावावा का? मी लावून बघितला. खोली ४५ टक्क्यांवर नेली की इथल्या खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी साचतं, रात्री त्याचा बर्फ होतो आणि वसंतात चौकटीच्या लाकडावर बुरशी दिसते. एवढ्या थंडीत घराला तिशीच्या वर फारसं झेपत नाही. म्हणून घर ओलं करण्याच्या मागे न लागता टाकीचा ओलावा टाकीतच राहील असं बघणं, हेच मला पटतं. सवड आणि पैसा असेल तर पीव्हीसीची, पुढून उघडणारी पेटी घ्या. तिला वर जाळी नसते, त्यामुळे हा प्रश्न मुळातच निम्मा होतो. मी ती गेल्या वर्षी घेतली, पण ठकूची कात त्याआधीच, जुन्याच टाकीत, फॉइलवर सुधारली होती.

तिसरी तपासणी: खाली काय अंथरलंय

वर्तमानपत्र आणि टिश्यूपेपर पाणी धरत नाहीत. ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा कोरड्या देशातल्या सापांना ठीक आहे, ओला झाला की त्याला तीन-चार दिवसांत बुरशी लागते. देवदाराचा भुसा तर कोणत्याच सापाला नको, त्यातलं सुगंधी तेल सापांना घातक असतं. माझ्याकडे ॲस्पेन होता आणि मी त्यावर रोज फवारत होते.

आता टाकीत नारळाचा काथ्या आणि सोडणांचे, म्हणजे नारळाच्या बाहेरच्या सालीचे, तुकडे, अर्धे-अर्धे, चार इंच थर. दापोलीत सोडणं अंगणात रचलेली असायची आणि रोज सकाळी बंबात जायची. इथे ती दाबून केलेल्या विटेच्या रूपात येतात, पाण्यात टाकली की फुगतात. सोडणाइतकं पाणी धरून ठेवणारं आणि तरीही पटकन न कुजणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

पाणी वरून फवारायचं नाही. तांब्याने चारी कोपऱ्यांत, काचेच्या कडेकडेने, हळूहळू ओतायचं म्हणजे ते तळाशी जातं. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे आणि बोट खुपसलं की खाली गार, ओलसर लागलं पाहिजे. तळातून मूठभर काढून दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गळलं तर जास्त झालं. माझ्या टाकीला हिवाळ्यात आठवड्याला साधारण दोन तांबे लागतात, तुमचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागेल. साप ज्यावर पोट टेकून बसतो तो वरचा थर कोरडा राहणं इथे फार महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढे येईल. पाण्याचं भांडंही पसरट घ्या, साप वेटोळं घालून आत बसू शकेल एवढं. ते गरम बाजूच्या जवळ सरकवलं की हवेत पाणी जास्त जातं.

चौथी गोष्ट: ओलं बीळ

वाचून कंटाळला असाल आणि एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ रानांतला साप. घाना, टोगो, बेनिन हा त्याचा मुलूख. तिथे हिवाळी महिन्यांत सहाराकडून हरमतान नावाचा धुळीचा, कोरडा वारा वाहतो आणि हवेतली आर्द्रता खूप खाली जाते. मग तिथला साप कात कशी टाकतो? तो त्या हवेत राहतच नाही. दिवसाचा बहुतेक वेळ तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो, जिथे वरच्या हवेपेक्षा ओल कितीतरी जास्त असते. साप वारुळात असतो हे आपल्याला नागपंचमीपासून ठाऊक आहे. तो तिथे का असतो याचं एक कारण मला ठकूमुळे कळलं.

झाकण असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, साप वेटोळं घालून मावेल आणि अंग डब्याच्या भिंतींना टेकेल एवढाच. मोठा डबा सापाला सुरक्षित वाटत नाही. एका बाजूला सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट भोक पाडा आणि त्याच्या कडा मेणबत्तीवर शेकून किंवा कानशीने घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) कोमट पाण्यात भिजवून, धुतलेला कपडा पिळतो तसं घट्ट पिळून, सैलसर भरा. डबा गरम आणि थंड बाजूच्या मध्ये ठेवा. थेट दिव्याखाली ठेवला तर आत वाफ धरते. आतली आर्द्रता ८० ते ९० टक्के राहते, बाहेर टाकीत ६० असली तरी, आणि कुठे बसायचं ते साप स्वतः ठरवतो.

हे बीळ पोट गुलाबी दिसल्याच्या दिवशी आत गेलं पाहिजे. डोळे निळे पडेपर्यंत थांबलात तर निम्मा वेळ गेलेला असतो. मी तर नोव्हेंबर ते मार्च ते काढतच नाही. मॉस आठ-दहा दिवसांनी बदलते, वास आला किंवा त्यात विष्ठा झाली तर त्याच दिवशी.

ठकू पहिल्या रात्री डब्याभोवती दोनदा फिरली, भोकापाशी जीभ लपलपवत थांबली आणि आत गेली ती नऊ दिवस जवळजवळ बाहेर आलीच नाही. दहाव्या रात्री उशिरा ओला कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. मी दिवा लावला नाही. सकाळी कात भोकाच्या कडेला अडकलेली होती, निम्मी आत, निम्मी बाहेर, एकसंध. हातात घेतली तेव्हा ती अजून ओलसर होती, बोटांना थंड लागत होती आणि उलगडताना फाटली नाही.

एवढं करूनही कात फाटत असेल तर

मग कारण हवेत नाही, सापात आहे. पाण्याच्या भांड्यात मिरीपुडीसारखे काळे कण दिसतात का, हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला बारीक ठिपके हलतात का, साप एरवी कधी पाण्यात बसत नसताना आता तासन्‌तास बसतो का, ते बघा. हे गोचिडासारखे माइट असतात, रक्त पितात आणि कात बिघडवतात. पांढऱ्या टिश्यूवरून साप हळूच सरकू दिला की ते सापडतात. जुन्या भाजल्याच्या किंवा चाव्याच्या खुणेवर कात नेहमी अडकते, ती बहुधा कायम तशीच राहील. खवल्यांवर पिवळट-तपकिरी कवच धरलं असेल, फोड असतील, साप नेहमीपेक्षा फार लवकर लवकर कात टाकू लागला असेल, तर बुरशीचा आजार असू शकतो. तिथे घरगुती प्रयोग थांबवा आणि साप तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा. गरम जागाच पुरेशी गरम नसेल तरी कात रेंगाळते. आणि डोळे निळे असताना सापाला हाताळू नका. त्याला नीट दिसत नसतं, तो बिचकतो. या काळात ठकू खात नाही, मी देतही नाही.

अडकलेली कात काढताना

आज अडकलेली कात असेल तर ती आजच सोडवावी लागेल, पण घाई न करता.

झाकणाला भोकं असलेला मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल अंथरा, त्यावर साप, वर आणखी एक ओला टॉवेल सैल. डब्यातलं तापमान २८ ते ३० अंश. त्याहून गरम नको, हाताला ‘छान ऊनऊन’ वाटणारं पाणी सापाला जास्त असतं. अर्धा-पाऊण तास, आणि तेवढा वेळ तुम्ही तिथेच थांबायचं. खोल पाण्यात साप कोंडून ठेवू नका, थकून बुडू शकतो. त्यानंतर तोच ओला टॉवेल हातात सैलसर गुंडाळून धरा आणि साप त्यातून स्वतःच पुढे सरकू द्या. जोर त्याचा, आपण फक्त थोडी अडवणूक करायची. दिशा कायम डोक्याकडून शेपटीकडे. एका वेळी निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तेल, व्हॅसलीन लावू नका. नखाने सोलू नका. दुसऱ्या हिवाळ्यात मी ठकूच्या पाठीवरचा एक कोरडा पापुद्रा ओढला आणि त्याच्याबरोबर खालचा कोवळा खवला आला. रुपयाएवढी जागा लाल झाली. ती खूण तिच्या अंगावर आजही आहे आणि कात तिथेच जरा थबकते.

शेपटीचं टोक सर्वांत आधी बघा. तिथे कात अंगठीसारखी राहते, वाळून आवळली जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळं पडून गळून जातं. एकावर एक दोन-तीन वेळच्या काती साचल्या की हा धोका फार वाढतो. ओल्या कापसाने दहा मिनिटं भिजवून बोटाच्या पेराने हलकेच टोकाच्या दिशेने ढकला.

डोळा मात्र सोडून द्या. चिमटा, चिकटपट्टी, नख, काहीही नाही. जुन्या काचेखाली नवी काच असते आणि ती निघाली तर डोळाच जातो. शिवाय सुरकुतलेला किंवा खड्डा पडल्यासारखा डोळा नेहमीच जुन्या काचेमुळे नसतो, शरीरात पाणी कमी झाल्यानेही तसं दिसतं. ओलं बीळ द्या, आर्द्रता नीट करा आणि पुढच्या कातेची वाट बघा. ठकूची राहिलेली काच पुढच्याच कातेबरोबर निघाली. दोन काती होऊनही राहिली, डोळा सुजला किंवा आत पू दिसला, तर पशुवैद्य.

ओल जास्त झाली तर

कोरडेपणाला घाबरून लोक टाकीचा चिखल करतात, तोही आजारच. ओल्या, घाण अंथरुणावर पोट टेकून बसलेल्या सापाच्या पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, ते तपकिरी पडतात, पुढे सडतात. म्हणून वरचा थर कोरडा. ओल आणि थंडी एकत्र आली की श्वसनाचा संसर्ग होतो. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडात फेस, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं, ही लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आकडेही सगळ्या सापांना सारखे नाहीत. कॉर्न स्नेकला ४० ते ६० पुरे. हॉगनोज आणि केनियन सँड बोआ याहून कोरडे, त्यांना फक्त एका कोपऱ्यात ओलं बीळ. ब्राझिलियन रेनबो बोआला मात्र ७५ च्या खाली आणू नका. माझे आकडे उचलून दुसऱ्या सापाला लावू नका.

महाराष्ट्रातून वाचत असाल तर दोन गोष्टी. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. घरात साप आला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. परदेशी जातींपैकी ज्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स (CITES) कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि बॉल पायथन त्यात आहे, त्यांची नोंद २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दुसरी गोष्ट हवेची. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता विशीपर्यंत उतरते, वर एसी लावलात तर तुमची टाकी आणि माझी मिनिआपोलिसची टाकी सारखीच. झाकण, सोडणं, ओलं बीळ, सगळं तसंच लागू. कोकणात जुलैमध्ये उलट करायचं. झाकण मोकळं, अंथरूण कोरडं, पाण्याचं भांडं लहान.

कात निघाली की ती टाकून देऊ नका, आधी वाचा. डोक्याचा भाग पाण्यात भिजवून पसरा आणि खिडकीसमोर धरा. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन गोल, फुगीर, स्वच्छ चकत्या दिसल्या पाहिजेत. तिथे भोक असेल तर काच सापाच्या डोळ्यावरच राहिलीय. मग शेपटीचं टोक बघा, ते निमुळतं होत बंद झालेलं असावं, कापल्यासारखं उघडं नसावं. लांबी मोजून सापाची लांबी ठरवू नका, निघताना कात ताणली जाते. मी तारीख, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आर्द्रता, दोन्ही चकत्या, टोक, एवढं वहीत लिहिते. परवाची नोंद, १४ जानेवारी: बाहेर उणे २३ अंश, आर्द्रता खोलीत १९, टाकीत ५७ ते ६६. दोन्ही चकत्या आहेत. टोक बंद.